ऋण मानणारी स्पर्धा

एका पेशातली दोन गुणी माणसे एकमेकांचे बरे पाहू शकत नाहीत, असा एक समज आपल्याकडे पक्का रुजलेला आहे. दोन गवई, दोन नट, दोन कवी, इतकेच काय, एकाच शाळेत एकच विषय शिकवणारे दोन शिक्षक घेतले तरी त्यांच्यात असूया असणारच, असे आपण गृहीत धरून चालतो. याच्या जोडीला दुसराही एक समज असतो : खरी प्रतिभा कोणाकडून काही घेत नाही, ती स्वयंभू असते. वरवर पाहता या दोन समजांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. वस्तुतः ते एकाच मुळातून फुटलेले आहेत. ज्याला आपण स्वयंभू आहोत असे दाखवायचे असते, त्याला शेजाऱ्याचा गुण मान्य करणे परवडत नाही. आणि ज्याने शेजाऱ्याचा गुण कधी मान्यच केला नाही, त्याला आपण कोणाकडून काय घेतले याचा हिशेब ठेवावा लागत नाही.

हे दोन्ही समज तपासण्यासाठी पाश्चात्त्य पॉप संगीताचे उदाहरण घ्यावे, असे सुचवले तर पुष्कळांना नवल वाटेल. पॉप म्हणजे गोंगाट, तरुणांचे वेड आणि तबकड्या विकणाऱ्या कंपन्यांचा व्यापार, अशी आपल्या सुशिक्षित वर्गातील अनेकांची धारणा असते. व्यापार तर तो आहेच, आणि त्यातली स्पर्धा निर्दय आहे. कोणाची तबकडी या आठवड्यात कितव्या क्रमांकावर आहे, हे तेथे आठवड्याच्या आठवड्याला जाहीर होत असते. परंतु नेमक्या याच बाजारात, १९६३ ते १९६७ या पाच वर्षांत, लॉस एंजेलिस आणि लंडन या दोन शहरांमध्ये दाद देण्याघेण्याचा असा एक व्यवहार घडला की, त्यातून त्या संगीताचे स्वरूपच पालटून गेले. त्याची हकीकत मनोरंजक आहे. पण तिच्या पोटात एक प्रश्नही दडलेला आहे आणि तो केवळ संगीतापुरता नाही : दाद मनापासून दिली म्हणजे ऋण फिटते काय?

मोटारीतला रेडिओ

१९६३ साली कॅलिफोर्नियातील ब्रायन विल्सन हा एकवीस वर्षांचा तरुण मोटार चालवीत असताना रेडिओवर एक नवे गाणे लागले. 'रॉनेट्स' या मुलींच्या गटाने गायिलेले ते गाणे 'बी माय बेबी' या नावाचे होते. ब्रायनने गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली आणि गाणे संपेपर्यंत तो ऐकत राहिला. ही आठवण त्याने पुढे आयुष्यभर सांगितली. हा काही नवशिका रसिक नव्हता. भाऊ, आतेभाऊ आणि मित्र मिळून उभ्या केलेल्या 'बीच बॉइज' या गटाचा तो संगीतकार होता आणि त्या गटाची गाणी देशभर गाजत होती. म्हणजे जे गाणे ऐकून तो थक्क झाला, ते त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे होते.

हा प्रतिस्पर्धी म्हणजे फिल स्पेक्टर. तो त्या गाण्याचा गायक नव्हता; तो ध्वनिमुद्रणाचा निर्माता होता. येथे 'निर्माता' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. चित्रपटाचा निर्माता पैसा उभा करतो. ध्वनिमुद्रणाचा निर्माता पुष्कळसे दिग्दर्शकाचे काम करतो. कोणते वाद्य कोठे वाजावे, आवाज जवळून यावा की दुरून, कोणता प्रयत्न ठेवावा आणि कोणता टाकावा, हे तो ठरवतो. स्पेक्टरने हॉलिवूडच्या 'गोल्ड स्टार' या लहानशा स्टुडिओत एक निराळीच पद्धत रूढ केली होती. अनेक गिटारी आणि दोन-तीन पियानो यांना तो एकाच वेळी तेच सूर वाजवायला लावी आणि तो सारा नाद प्रतिध्वनीच्या खोलीतून फिरवून आणी. त्यामुळे वाद्ये सुटी ऐकू न येता त्यांचा एकसंध लोट अंगावर येई. या पद्धतीला 'ध्वनीची भिंत' असे नाव पडले.

ब्रायनची प्रतिक्रिया अभ्यासण्यासारखी आहे. त्याने त्या गाण्याला तोडीस तोड म्हणून 'डोन्ट वरी बेबी' हे गाणे रचले आणि ते रॉनेट्सनी गावे, अशी इच्छा धरली. ते जमले नाही, तेव्हा १९६४ साली बीच बॉइजनीच ते गायिले. रॉनेट्सची मुख्य गायिका रॉनी स्पेक्टर हिच्या आवाजात ते गाणे निघाले ते १९९९ साली, तब्बल पस्तीस वर्षांनी. दरम्यान ब्रायन स्पेक्टरच्या ध्वनिमुद्रणांना जाऊन बसू लागला, आणि पुढे त्याच वादकांना त्याने आपल्या कामासाठी बोलावले. स्पेक्टरचे गुपित त्याने चोरून नेले नाही. समोर बसून शिकून घेतले. मात्र शिकल्यावर त्याने स्पेक्टरची नक्कलही केली नाही. स्पेक्टरच्या भिंतीत सारे आवाज एकजीव होत असत. ब्रायनने दोन-तीन वाद्यांच्या मिश्रणातून कोणत्याच एका वाद्याचा म्हणून ओळखू न येणारा नवा रंग काढण्याचे तंत्र विकसित केले. त्याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. हे सारे काम त्याने मुख्यतः एका कानाच्या भरवशावर केले.

लंडनचे उत्तर

डिसेंबर १९६५ मध्ये 'बीटल्स' या इंग्रज चौकडीची 'रबर सोल' ही लाँग प्ले तबकडी निघाली. तोपर्यंत अशा तबकडीचा सर्वसाधारण रिवाज असा होता की, दोन-तीन गाजलेली गाणी घ्यावीत आणि उरलेली जागा भरताड गाण्यांनी भरून काढावी. 'रबर सोल' ऐकून ब्रायन भारावला तो यामुळे की, तीत भरताडीचे एकही गाणे त्याला आढळले नाही. सारी तबकडी मिळून एकच कृती वाटली. गमतीचा भाग असा की, त्याने ऐकली ती अमेरिकी आवृत्ती होती. अमेरिकेतील 'कॅपिटल' कंपनीने काही गाणी काढून, काही दुसरीकडून घालून तिची जुळणी आपल्या सोयीने बदलली होती. म्हणजे ज्या एकसंधपणाने ब्रायन दिपून गेला, तो काही अंशी बीटल्सच्या मनातही नव्हता. दाद देणारा पुष्कळदा समोरच्या कृतीत तिच्या कर्त्याहूनही अधिक पाहतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

ब्रायनचे उत्तर मे १९६६ मध्ये आले. 'पेट साउंड्स' हे तिचे नाव. टोनी ॲशर या जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या तरुणाला सोबतीला घेऊन त्याने गीते रचली आणि बाकीचे बीच बॉइज दौऱ्यावर असताना स्पेक्टरच्या वादकांकडून संगीत वाजवून घेतले. सायकलची घंटा, कुत्र्यांचे भुंकणे, आगगाडीचा आवाज अशा साध्या ध्वनींनाही त्याने वाद्यवृंदात स्थान दिले. अमेरिकेत या तबकडीने दहाव्या क्रमांकापर्यंतच मजल मारली आणि बीच बॉइजच्या आधीच्या यशाच्या मानाने ही निराशाच होती. इंग्लंडने मात्र तिला दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेले. त्याच महिन्यात बीच बॉइजमधील ब्रूस जॉन्स्टन ती तबकडी घेऊन लंडनला गेला आणि तेथील एका हॉटेलात त्याने ती जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांना ऐकवली. प्रतिस्पर्ध्याने आपला माल आपण होऊन दुसऱ्याच्या पुढ्यात आणून ठेवावा आणि दुसऱ्याने तो लक्षपूर्वक ऐकावा, असा हा प्रसंग होता.

मॅकार्टनीवर त्याचा जो परिणाम झाला तो त्याने कधी लपवून ठेवला नाही. 'गॉड ओन्ली नोज' हे त्या तबकडीतील गाणे आपल्या सर्वांत आवडत्या गाण्यांपैकी एक असल्याचे त्याने वारंवार सांगितले. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीतील 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर' या आपल्या गाण्यावर ब्रायनची छाया असल्याचेही त्याने मान्य केले. ऑगस्ट १९६६ मध्ये बीटल्सनी जाहीर दौरे कायमचे बंद केले आणि नोव्हेंबरपासून ते स्टुडिओत जाऊन बसले. जून १९६७ मध्ये जगापुढे आलेली 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' ही तबकडी त्यातून जन्मली. 'पेट साउंड्स' नसती तर ही तबकडी झाली नसती, असे तिचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी पुढे स्पष्टच म्हटले. मॅकार्टनी आणि ब्रायन यांचा जन्म १९४२ सालच्या जून महिन्यात अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने झालेला. अटलांटिकच्या दोन तीरांवर राहून हे दोघे जणू एकमेकांची वही तपासत होते.

काचेआडचा जाणकार

जॉर्ज मार्टिन यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे; कारण दाद हा गुण केवळ बरोबरीच्यांमध्ये असतो असे नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून कळते. १९२६ मध्ये जन्मलेले मार्टिन बीटल्सहून चौदा ते सतरा वर्षांनी मोठे. लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेत त्यांचे शिक्षण झालेले. ओबो हे त्यांचे वाद्य. १९५० मध्ये ते 'ई.एम.आय.' कंपनीत आले आणि १९५५ मध्ये तिच्या 'पार्लोफोन' या शाखेचे प्रमुख झाले. पीटर सेलर्ससारख्या विनोदी नटांच्या तबकड्या करण्यात त्यांचा हातखंडा होता. अशा माणसासमोर १९६२ साली लिव्हरपूलची चार मुले येऊन उभी राहिली. त्यांना स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती. संगीतशाळेत शिकलेल्या माणसाने त्यांना चार धडे देऊन गप्प करणे स्वाभाविक ठरले असते.

मार्टिन यांनी तसे केले नाही. मुले गुणगुणून दाखवीत त्याला ते वाद्यांची भाषा देत. 'यस्टरडे' या गाण्याला १९६५ मध्ये त्यांनी तंतुवाद्यांच्या चौकडीची साथ दिली. पुढल्या वर्षी 'एलिनॉर रिग्बी'साठी आठ तंतुवादक बसवले. 'इन माय लाइफ' या गाण्यातला पियानोचा तुकडा त्यांनी अर्ध्या गतीने वाजवून मुद्रित केला. पूर्ण गतीने फिरवल्यावर तो अठराव्या शतकातील हार्प्सिकॉर्डसारखा वाजतो. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' या गाण्याचे दोन निरनिराळे प्रयत्न लेननला सारखेच आवडले होते. एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट हवा, असे त्याने सहज सांगून टाकले. दोहोंची लय वेगळी, पट्टीही वेगळी. मार्टिन आणि त्यांचे ध्वनितंत्रज्ञ यांनी फितीची गती कमीजास्त करून ते दोन तुकडे जोडले आणि तो सांधा आजही सहजासहजी ध्यानात येत नाही. अडाण्याची मागणी म्हणून तिची वासलात न लावता, अशक्य वाटणाऱ्या मागणीमागची कल्पना ओळखणे, ही त्यांची दाद होती. येथे शिक्षकी पेशातील वाचकांना काही ओळखीचे दिसेल. विद्यार्थ्याला परिभाषा येत नाही म्हणून त्याच्याजवळ विचार नाही असे मानणारे शिक्षक पुष्कळ भेटतात. त्याच्या ओबडधोबड वाक्यातून विचार वेचून काढणारे थोडे.

हेच मार्टिन १९९० नंतरच्या दशकात, वार्धक्यात, एका दूरचित्रवाणी मालिकेच्या निमित्ताने ब्रायनच्या भेटीला गेले. 'गॉड ओन्ली नोज'च्या मूळ फिती यंत्रावर लावून दोघे शेजारी बसले. मार्टिन एकेक आवाज वरखाली करून ते गाणे कसे बांधले गेले हे शोधू लागले, आणि ब्रायनने त्यांच्या मिश्रणाला मोकळेपणाने दाद दिली. तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या तबकड्या एकमेकींवर मात करायला निघाल्या होत्या, ते दोन कारागीर एका जुन्या सांध्यावरून बोट फिरवीत होते.

बारा तारा आणि मुंबई

ही देवघेव दोन व्यक्तींपुरती मर्यादित नव्हती. लॉस एंजेलिसच्या 'बर्ड्स' या गटातील रॉजर मॅग्विन याने बीटल्सच्या चित्रपटात जॉर्ज हॅरिसनच्या हाती बारा तारांची गिटार पाहिली आणि तशीच गिटार मिळवून आपल्या गटाचा नाद घडवला. पुढे त्याने वाजवलेल्या एका गाण्यातील स्वरावलीवरून हॅरिसनने १९६५ मध्ये 'इफ आय नीडेड समवन' हे गाणे रचले, आणि ते ऋण त्याने बर्ड्सच्या प्रसिद्धी-अधिकाऱ्यामार्फत कळवलेही. घेतलेली वस्तू अशी फिरून मूळ घरी आली.

याच बर्ड्स मंडळींनी १९६५ च्या उन्हाळ्यात हॅरिसनपाशी पंडित रविशंकर यांच्या वादनाची वाखाणणी केली. त्यातून हॅरिसनचे लक्ष सतारीकडे अधिक वेधले गेले आणि येथून हा धागा आपल्या दाराशी येतो. १९६६ मध्ये हॅरिसन रविशंकरांना भेटला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात शिकण्यासाठी मुंबईस आला. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला तो 'एच.एम.व्ही.'च्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करण्यासाठी. 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतातील भारतीय भाग आणि 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याची वाद्यसंगत येथे मुद्रित झाली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया हे तेव्हाचे तरुण वादक त्या कामात होते. बीटल्सच्या एका गाण्याची सगळी वाद्यसंगत मुंबईत वाजली, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. कारण ती तबकडी हाती घेतली तर तिच्यावर त्या वादकांचा उल्लेखच नाही.

नावाचा प्रश्न

आरंभी जो प्रश्न विचारला होता, तो येथे समोर उभा राहतो. दाद खाजगीत दिली जाते. नाव छापले जाते. पहिल्या गोष्टीला काही खर्च येत नाही, दुसरीला येतो. हॅरिसनचेच उदाहरण घेऊ. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' तबकडीच्या वेष्टनावर तबलावादक म्हणून अनिल भागवत हे नाव छापलेले आहे. मराठी कानाला ओळखीचे वाटणारे हे आडनाव, जगभर घरोघरी गेलेल्या त्या वेष्टनावर आजही वाचता येते. पण पुढल्याच वर्षी 'सार्जंट पेपर'मध्ये हॅरिसनच्या गाण्याला दिलरुबा, तंबोरा आणि तबला यांची साथ करणाऱ्या लंडनमधील भारतीय वादकांची नावे मात्र वगळली गेली. त्यांतील चौघांची नावे प्रसिद्ध झाली ती २०१७ मध्ये, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी. ज्याला भारतीय संगीताविषयी निस्सीम आदर होता, त्याच्याच गाण्याच्या बाबतीत हे घडले. आदर कमी पडला नव्हता. तो छापखान्यापर्यंत पोहोचला नाही.

जी गोष्ट भारतीय वादकांची, तीच अमेरिकी वादकांची. मॅकार्टनीने आपल्या बेस गिटारवादनावर 'पेट साउंड्स'चा परिणाम झाल्याचे सांगितले आहे. त्या तबकडीवर बेस वाजवणाऱ्यांमध्ये कॅरल के या बाई होत्या, आणि १९६६ च्या मूळ वेष्टनावर त्यांचे नाव नाही. 'बी माय बेबी'चा प्रसिद्ध ठेका धरणारा हाल ब्लेन आणि त्याचे सहकारी तासांच्या हिशेबाने मोबदला घेऊन घरी जात. रसिकांना वाटे, गटातली मुलेच वाजवीत आहेत. डेट्रॉइटच्या 'मोटाउन' कंपनीत जेम्स जेमर्सन याने वाजवलेला बेस मॅकार्टनीने गुरुस्थानी मानला. परंतु त्या कंपनीच्या तबकडीवर जेमर्सन आणि त्याच्या सोबत्यांची नावे यायला १९७१ साल उजाडावे लागले. मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीने ते केले. तोपर्यंत ती बोटे साऱ्या जगाच्या कानात होती आणि माणूस अनामिक होता.

याच्या उलट एक उदाहरण बीटल्सनीच घालून दिले आहे. १९६९ मध्ये 'गेट बॅक' या गाण्यावर बिली प्रेस्टन या कृष्णवर्णीय वादकाने साथ केली, तेव्हा तबकडीवर 'द बीटल्स विथ बिली प्रेस्टन' असे छापले गेले. त्यामुळे बीटल्सचे काही कमी झाले नाही, आणि प्रेस्टनचे नाव कायमचे राहिले.

आपल्याकडेही असे एक सुंदर उदाहरण आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि वाद्यवृंद-संयोजकांनी कितीतरी गाणी सजवली. श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच झळकली. त्यांपैकी माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यापाशी संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले होते. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील नायकाला आणि त्याच्या गाण्याला प्यारेलाल यांच्यामुळे ते नाव मिळाले. सारा देश जे नाव गंमत म्हणून गात होता, ती एका शिष्याने दिलेली गुरुदक्षिणा होती.

उसनवारी आणि चोरी

अर्थात, दाद आणि उचल यांच्यातील सीमारेषा प्रत्येक वेळी स्पष्ट असतेच असे नाही. १९६३ मध्ये बीच बॉइजचे 'सर्फिन यू.एस.ए.' हे गाणे निघाले. त्याची चाल चक बेरी या कृष्णवर्णीय गायकाच्या 'स्वीट लिटल सिक्स्टीन' या १९५८ च्या गाण्याची होती आणि तबकडीवर नाव होते ब्रायन विल्सनचे. ब्रायनला बेरीविषयी अपार आदर होता; पण आदर म्हणजे पावती नव्हे. पुढे त्या गाण्याचे हक्क बेरीच्या प्रकाशकाकडे गेले आणि बेरीचे नाव लागले. गोऱ्या तरुणांच्या या साऱ्या संगीताचा पाया कृष्णवर्णीय कलावंतांनी घातला होता, ही गोष्ट विसरून या परस्पर-कौतुकाची कहाणी सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. बीटल्सनी १९६३ च्या आपल्या दुसऱ्या तबकडीत मोटाउनची तीन गाणी गायिली ती मूळ रचनाकारांच्या नावानिशी, आणि मुलाखतींतूनही ते ऋण सांगितले. जी पद्धत सरळ होती ती उपलब्ध होती. ती वापरायची की नाही एवढाच प्रश्न होता.

हॅरिसनचा खटला याहून गुंतागुंतीचा आहे. १९७० मध्ये त्याचे 'माय स्वीट लॉर्ड' हे गाणे निघाले. त्याचा सहनिर्माता होता फिल स्पेक्टर. ज्याच्यापासून ही साखळी सुरू झाली तोच आता बीटल्सच्या घरात आला होता. हे गाणे 'शिफॉन्स' या मुलींच्या गटाच्या १९६३ मधील 'ही इज सो फाइन' या गाण्यावरून उचलले, असा दावा करण्यात आला आणि १९७६ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. मात्र ही उचल अजाणता झाली, असेही न्यायाधीशांनी म्हटले. हॅरिसनच्या मनाच्या तळाशी बसलेले जुने गाणे नकळत वर आले होते. जो मन लावून ऐकतो, त्याच्या बाबतीत हा धोका संभवतोच. म्हणून तर ऐकलेल्याची नोंद ठेवण्याची सवय लागते. ज्याला आपण कोठून घेतले हे माहीत असते, तो घेतलेले बदलू शकतो. ज्याला ते आठवतच नाही, त्याच्या हातून ते जसेच्या तसे बाहेर पडण्याचा संभव अधिक.

दाद जड होते तेव्हा

या कहाणीला एक दुःखाची बाजूही आहे. 'पेट साउंड्स'नंतर ब्रायनने ऑक्टोबर १९६६ मध्ये 'गुड व्हायब्रेशन्स' हे अपूर्व गाणे दिले आणि 'स्माइल' नावाची तबकडी हाती घेतली. ती साऱ्यांच्या पुढे जाणारी व्हायची होती. एप्रिल १९६७ मध्ये मॅकार्टनी त्याच्या ध्वनिमुद्रणाला येऊनही गेला. पण महिन्याभरातच ते काम सोडून दिल्याचे जाहीर झाले. त्यामागे मनाचा आजार होता, मादक द्रव्ये होती, गटातील मतभेद आणि कंपनीशी चाललेला झगडा होता. त्या साऱ्यात भर होती ती प्रत्येक सूर दुसऱ्याच्या मापाने मोजण्याच्या सवयीची. जी दाद १९६६ मध्ये त्याला पुढे ढकलत होती, तीच १९६७ मध्ये छातीवर येऊन बसली. 'स्माइल' त्याने पूर्ण करून लंडनच्या रंगमंचावर सादर केली ती २००४ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. त्याआधी, २००० साली, गीतकार-संगीतकारांच्या सन्मानसभेत ब्रायनला दाखल करून घेण्यासाठी व्यासपीठावर उभा राहिला होता तो मॅकार्टनीच. जून २०२५ मध्ये ब्रायनचे निधन झाले.

स्पेक्टरचा शेवट याहून काळा आहे. एका अभिनेत्रीच्या २००३ मधील खुनाबद्दल तो २००९ मध्ये दोषी ठरला आणि २०२१ मध्ये कैदेतच मरण पावला. त्याच्या कामाचे ऋण मान्य केले म्हणजे माणसाचा गौरव केला असे होत नाही, आणि माणूस वाईट निघाला म्हणून ऋण खोटे ठरत नाही. दोन्ही नोंदी एकाच वहीत राहिल्या पाहिजेत.

हिशेबाची वही

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष असा की, स्पर्धा आणि कौतुक या परस्परविरोधी गोष्टी आहेत, हा आपला समज चुकीचा आहे. ब्रायनने स्पेक्टरला ऐकले म्हणून 'पेट साउंड्स' झाली, आणि लंडनने 'पेट साउंड्स' ऐकली म्हणून 'सार्जंट पेपर' झाली. यांतील एकानेही शेजाऱ्याचे काम नाक मुरडून बाजूला सारले असते, तर नुकसान सर्वांचेच झाले असते. परंतु ही साखळी जेथे जेथे निष्पाप राहिली नाही, तेथे कौतुकाची उणीव नव्हती. उणीव होती ती नाव लिहिण्याची. ज्यांच्याजवळ सत्ता आणि प्रसिद्धी होती, त्यांनी एकमेकांची नावे घेतली. ज्यांच्याजवळ ती नव्हती, त्यांची नावे घ्यायला पाच वर्षे, कधी पन्नास वर्षे लागली.

हे काही लंडन-लॉस एंजेलिसचेच वैशिष्ट्य नाही. कचेरीत टिपणीचा मसुदा एक कारकून रात्र जागून तयार करतो आणि तिच्याबद्दलची शाबासकी सही करणाऱ्याला मिळते. एका शिक्षकाने वर्षानुवर्षे घासूनपुसून सिद्ध केलेल्या टाचणांवर दुसऱ्याचे मार्गदर्शक पुस्तक उभे राहते. विद्यार्थी मित्राची वही उतरवून घेतो आणि उत्तम गुण मिळाल्यावर त्या मित्राला केवळ हसून दाखवतो. या प्रत्येक प्रसंगी मनातून आदर असतोच. नसतो तो कागदावर. आपल्याकडे गवई मंचावर उस्तादांचे नाव उच्चारताना कानाच्या पाळीला हात लावतो. ही रीत सुंदर आहे, पण तीही बहुधा वर पाहणारी आहे : मोठ्यांचे नाव घेणे सोपे, कारण त्यात आपलेही मोठेपण वाढते. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बरोबरीच्या माणसाचे, आणि त्याहूनही मागे बसून तबला किंवा बेस वाजवणाऱ्याचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहिणे अधिक कठीण आहे. 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर ते एका ओळीत साधले आहे, आणि तेवढ्याने त्या तबकडीवरची कोणाचीही जागा कमी झालेली नाही.